क्षेत्रीय ध्वनिमुद्रणात बिनतारी मायक्रोफोनची मांडणी

बोलीच्या अभ्यासासाठी सामग्री जमवताना प्रश्नावली आणि निवेदक यांच्या निवडीइतकेच महत्त्व ध्वनिमुद्रणाला असते. या उपघटकात आपण बिनतारी मायक्रोफोन कोठे व कसा बसवावा आणि त्याच्या जागेचा उच्चाराच्या नोंदीवर काय परिणाम होतो, हे पाहणार आहोत.

१. जागेला महत्त्व का?

दौंड तालुक्यातील केडगावचे उदाहरण घेऊ. पुणे–दौंड लोहमार्गावरील या गावी पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली, मृत्यूपूर्वी, त्यांनी ते पूर्ण केले. सामान्य माणसाला कळेल अशा सोप्या मराठीचा त्यांचा आग्रह होता. ती मराठी छापील रूपाने आपल्यापुढे आहे; मात्र त्या काळी केडगावात शब्द कसे उच्चारले जात, हे छापील पान सांगत नाही. देवनागरीत ‘जरा’ हे एकच रूप दिसते. ‘थोडे’ या अर्थी त्यातील ‘ज’ दंततालव्य असतो, तर ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य. लिपी जो भेद झाकते, तो ध्वनिमुद्रणाने उघड करायचा असतो.

या दोन ध्वनींतील फरक मुख्यतः त्यांच्या घर्षणात असतो. तालव्य घर्षणाचा जोर साधारणतः २,५०० हर्ट्झच्या पुढे, तर दंततालव्य घर्षणाचा त्याहून बराच वर, सुमारे ४,००० हर्ट्झच्या पुढे आढळतो. स्वरांचा मोठा भाग याच्या खाली असतो. म्हणून उच्च वारंवारता गमावलेल्या मुद्रणातही वाक्य समजते, पण ‘च’ आणि ‘ज’ यांचे वर्गीकरण संशयास्पद ठरते. अर्थ कळला म्हणजे मुद्रण चांगले झाले, असे समजू नये.

२. निवेदकाच्या अंगावरील मांडणी

निवेदक काम करता करता बोलत असेल, तर बिनतारी साधन विशेष उपयोगी पडते. भाकरी थापणारी आजी टेबलावरच्या यंत्रासमोर बसली की ‘शुद्ध’ बोलू लागते. आपले निरीक्षणच भाषा बदलते, हा पेच विल्यम लबॉव्ह या भाषावैज्ञानिकाने मांडला आहे.

छोटा मायक्रोफोन हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर लावावा. उच्च वारंवारतेचे ध्वनी तोंडासमोर अधिक पसरतात. त्यामुळे मायक्रोफोन फार खाली गेला किंवा पदराखाली दडला, तर नेमके घर्षण मंदावते. मंगळसूत्राचे मणी व पदराची सळसळ त्यावर आपटणार नाही, अशी बाजू निवडावी.

ट्रान्समीटर कमरेला, रिसीव्हरच्या दिशेच्या बाजूस ठेवावा. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने ते रेडिओलहरी शोषून घेते. ट्रान्समीटर पाठीकडे आणि रिसीव्हर समोर असेल, तर मधले शरीरच अडथळा होते. लोंबती अँटेना असल्यास ती गुंडाळू वा दुमडू नये.

३. रिसीव्हरची जागा

रिसीव्हर जमिनीपासून दीड मीटर तरी उंच, निवेदकाकडे थेट दृष्टी पोहोचेल असा ठेवावा. पत्र्याच्या भिंतीवरून आणि लोखंडी कपाटावरून लहरी परावर्तित होतात. थेट लहर आणि परावर्तित लहर परस्परविरोधी अवस्थेत भेटल्या की संकेत क्षणभर खचतो. २.४ गिगाहर्ट्झवर लहरीची लांबी केवळ साडेबारा सेंटिमीटर असते; त्यामुळे रिसीव्हर थोडा सरकवला तरी परिस्थिती सुधारू शकते. दोन अँटेनांचा रिसीव्हर असल्यास त्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे फाकवाव्यात. एकीकडे खचलेला संकेत बहुधा दुसरीकडे शाबूत असतो. याच पट्ट्यात वायफायही चालते, म्हणून राउटर व मोबाइल दूर ठेवावेत.

४. पूर्वतपासणी

निवेदक जेथे जेथे वावरणार, तेथे तेथे ट्रान्समीटर लावून बोलत फिरावे आणि सहकाऱ्याने हेडफोनवर ऐकावे. ‘चार’ (संख्या) आणि ‘चार’ (‘गाईला चार’ मधील आज्ञार्थ) यांतील भेद कानाला स्पष्ट कळला पाहिजे. ध्वनिपातळी ट्रान्समीटरवरच आधी जुळवावी. तेथे फाटलेला आवाज पुढे कशानेही सांधता येत नाही. नमुना-दर ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ ठेवावा.

५. संमती

अंगावरचा मायक्रोफोन काही वेळाने विसरला जातो. सहज भाषा मिळते ती यामुळेच, आणि घरातील खासगी बोलणे नकळत नोंदले जाते तेही यामुळेच. म्हणून आरंभी संमती घ्यावी, बंद करण्याची कळ निवेदकाला दाखवावी आणि शेवटी मुद्रण ऐकवून नको असलेला भाग पुसावा. वयोवृद्ध निवेदकाची भेट पुन्हा होईलच असे नसते. त्यामुळे मांडणीसाठी दिलेली पंधरा मिनिटे हा अभ्यासाचाच भाग समजावा.

स्वाध्याय

१. वाक्याचा अर्थ कळत असूनही मुद्रण उच्चाराभ्यासासाठी निरुपयोगी का ठरू शकते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे दहा मिनिटांचे मुद्रण करायचे आहे. खोलीचा आराखडा काढून ट्रान्समीटर व रिसीव्हर यांच्या जागा दाखवा आणि निवडीची कारणे लिहा.