वाक्छल आणि शब्दकोड्याचा क्लू

मंडळी, मागच्या खेपेला आपण न्यायदर्शनातल्या छलापाशी थांबलो होतो. वात्स्यायनाचं उदाहरण आठवत असेल. एक जण म्हणतो, हा माणूस नवकंबल आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी कांबळी आहे. प्रतिवादी उठतो आणि विचारतो, नऊ कुठे आहेत? मला तर एकच दिसते! वादात हे निषिद्धच. पण इंग्लंडात हाच वाक्छल नियमात बसवून त्याची स्पर्धा भरवली गेली, आणि आज आपल्याला बघायचंय ते हे की फसवणूक नियमात कशी बसते.

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून टॉर्केमाडा या नावानं पॉविस मॅथर्स गूढ शब्दकोडी रचत. ते १९३९ साली गेले. मग झिमेनीस, म्हणजे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे मॅकनट, आणि १९७२ पासून अ‍ॅझेड. पहिली दोन नावं स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची, तिसरं डेझा या अशाच एका न्यायाधीशाचं उलटवलेलं. (कोडं सोडवणाऱ्याचा छळ करण्याचा हेतू लपवलेला नाही, हे मान्य करायला हवं.) अ‍ॅझेडच्या मासिक स्पर्धेत एका शब्दाला नुसता अर्थ दिलेला असे, त्या शब्दासाठी वाचकांनी आपला क्लू लिहून धाडायचा. शब्द सगळ्यांना एकच, त्यामुळे लपायला जागा नाही.

क्लूत दोनच गोष्टी असतात: उत्तराचा अर्थ, आणि उत्तराची अक्षरं जुळवण्याची कृती. तिसरं काही नको. आपण मराठीतच करून बघू. शब्द घ्या ‘कविता’. क, वि, ता. हीच अक्षरं हलवली की ‘विकता’ होतं. समजा कुणी लिहिलं:

कवीची निर्मिती विकता येत नाही म्हणून गडबड (३)

वाक्य खरं आहे हो, कवींना विचारा! पण ‘येत नाही म्हणून’ हे तीन शब्द काय करतायत? ना अर्थात, ना कृतीत. परीक्षक इथेच काट मारेल. दुसरा म्हणेल, ‘विकता’ फार उघडं पडतं, ‘विक्री करता’ लिहू. हे त्याहून वाईट. सोडवणाऱ्यानं आधी ‘विकता’ मनात आणायचं आणि मग ते हलवायचं, म्हणजे त्याच्या हाती धरायला काहीच उरत नाही. झिमेनीसला ही चाल अजिबात मान्य नव्हती, आणि आमच्या मते त्याचं बरोबर होतं. आता हे बघा:

गडबडीत विकता कवीची निर्मिती? (३)

वरून वाचलं तर एखाद्या प्रकाशकाला खडसावल्यासारखं वाटतं. पण ‘गडबडीत’ म्हणजे घाईत, तसंच विस्कटलेल्या स्थितीत. विस्कटलेलं ‘विकता’ म्हणजेच कवीची निर्मिती. एकही शब्द बसून खात नाही. आफ्रिट या टोपणनावाच्या रिची यांनी १९४९ साली जो दंडक घातला त्याचा भाव हाच: रचणाऱ्याच्या मनात भलतंच असलं तरी चालेल, पण शब्दशः वाचल्यावर क्लूनं नेमकं तेच सांगितलं पाहिजे. छल करणारा प्रतिवादी समोरच्याचा अभिप्राय मोडतो. क्लू लिहिणारा दोन्ही अर्थांची जबाबदारी स्वतः घेतो. फरक आहे तो इथे.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. आपल्याकडे एके काळी मोठ्या बक्षिसांची शब्दकोडी जोरात होती. एका जागी दोन-तीन शब्द सारखेच बसत आणि ‘बरोबर’ उत्तर मात्र आधीच ठरवून पाकिटात. १९५५ साली त्यांच्यावर कायदा आला, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांना लागू, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही. चांगल्या क्लूला पाकीट लागत नाही. उत्तर सापडलं की तेच बरोबर हे सोडवणाऱ्याला स्वतःला कळतं.

सर्वांत अवघड प्रकार तो, ज्यात संपूर्ण क्लू हाच अर्थ आणि हीच कृती.

वाल्याचं ‘मरा!’ उलटलं (२)

उत्तर अर्थात राम. वाटसरूंवर ओरडणारा दरोडेखोरही त्यात आला, आणि पुढचा जपही. तरी कडक परीक्षक म्हणेल, अक्षरं जुळवायला ‘वाल्याचं’ लागतच नाही, ते फक्त अर्थाच्या बाजूला उभं आहे. गुण थोडे कमी. आम्ही मात्र एवढ्यासाठी बक्षीस अडवलं नसतं.

तेव्हा पुढच्या गुरुवारपर्यंत सगळ्यांनी ‘नदी’ या शब्दाला एक क्लू लिहून आणायचा. उलटून वाचलंत तर ‘दीन’ मिळेल, एवढं सांगून ठेवतो. त्याच्या जागी ‘गरीब’ लिहायचं असेल तर खुशाल लिहा. दोनच अक्षरं आहेत आणि क्रम नुसता उलटायचाय, तेवढं झिमेनीसलाही चालेल. पण गरीब उलटला हे सांगायचं कसं, ते मात्र तुम्ही बघा.