यंत्र घेताना : पैसा कोणता, मुदत किती?

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पंचगंगेकाठच्या या गावाची वस्त्रनगरीकडे वाटचाल सुरू झाली. शतकभरानंतर तेथे साध्या मागांच्या शेजारी रेपिअर व एअरजेट माग उभे राहिले. केंद्र सरकारने 1999 मध्ये सुरू केलेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेचे वस्त्रोद्योगाला साहाय्य लाभले. तिचे सुधारित रूप मार्च 2022 मध्ये संपुष्टात आले. मात्र माग, लेथ वा छपाईयंत्र घेणाऱ्या प्रत्येक उद्योजकासमोरील प्रश्न कायम आहे : यंत्रासाठी पैसा कोठून आणावा?

खेळते भांडवल अडकवू नये

सर्वांत सोपा, पण सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून विक्रेत्याला धनादेश देणे. ही रक्कम सूत, मजुरी व वीजबिल यांसाठी असते. कापड विकले की ती परत येते. यंत्रात गुंतलेला पैसा मात्र अनेक वर्षांत थोडाथोडा परत येतो. परिणामी नवा माग उभा राहतो, पण त्यावर चढवायला सूत नसते. ज्या वस्तूपासून दीर्घकाळ उत्पन्न मिळणार, तिच्यासाठी मुदत कर्जच घ्यावे, हा पहिला नियम होय.

मुदतीचा हिशेब

उदाहरणादाखल, 25 लाख रुपयांच्या मागासाठी 5 लाख स्वतःचे आणि 20 लाख कर्जाचे, व्याजदर 10 टक्के आणि मागापासून खर्च वजा जाता दरमहा 50,000 रुपये शिल्लक, असे धरू. तीन वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे 64,500 रुपये येतो. तो या मागाला पेलणारा नाही. पाच वर्षांत तो सुमारे 42,500 होतो. सात वर्षांत 33,200 होतो, मात्र पाच वर्षांच्या तुलनेत एकूण व्याज सुमारे 2 लाख 39 हजारांनी वाढते.

वरवर पाहता पाच वर्षे योग्य वाटतात. परंतु सुताचे भाव चढले वा कापडाला उठाव नसला, की शिल्लक 40,000 वर येते आणि हप्ता चुकू लागतो. सात वर्षांची मुदत महाग असली, तरी अशा महिन्यांत ती उद्योग तारून नेते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरूण मोजायचे ते मंदीच्या महिन्यात. तेजीत जादा रक्कम भरून व्याज वाचवता येते. त्यासाठी मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आहे काय, हे मंजुरीपत्रात आधीच पाहावे.

मालकी की भाडेपट्टा?

मुदत कर्जात यंत्र बँकेकडे नजरगहाण राहते, पण मालकी उद्योजकाची असते. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर 15 टक्के घसारा मिळतो. वस्तू व सेवा कराचे श्रेय घेतल्यास कराच्या तेवढ्या रकमेवर घसारा मागता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. भाडेपट्ट्यात मालकी भाड्याने देणाऱ्याकडे राहते. संगणकासारखी लवकर कालबाह्य होणारी साधने अशा रीतीने घेणे सोयीचे ठरू शकते. दीर्घकाळ चालणारा माग मात्र स्वतःचा असलेलाच बरा.

तारण देण्यास मालमत्ता नसलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्र सरकार व सिडबी यांनी 2000 मध्ये पतहमी न्यास स्थापन केला. ही हमी बँकेला मिळते. त्यामुळे कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी संपत नाही.

विसार देण्यापूर्वी

यंत्राच्या दरपत्रकात वाहतूक, विमा, पायाबांधणी व वीजजोडणी यांचा खर्च बहुधा नसतो. तो मिळवूनच कर्जाची रक्कम ठरवावी. यंत्र उभारून उत्पादन सुरू होईपर्यंत हप्त्यांना सवलतीची मुदत मागावी. त्या काळातील व्याज मात्र द्यावे लागते. नव्या यंत्राला लागणाऱ्या वाढीव कच्च्या मालासाठी कॅश क्रेडिटची मर्यादाही त्याच वेळी तपासून घ्यावी.

हा सारा हिशेब एका कागदावर मांडून विक्रेत्याला विसार देण्याआधी शाखाधिकाऱ्यांशी चर्चा करावी. विसार दिल्यावर केवळ कर्जाच्या मंजुरीची घाई उरते. त्याआधी विचारले, तर योग्य मुदत निवडण्यास अवसर मिळतो.