बडादेव म्हणजे महादेव नव्हे

फुलसावंगीहून माहूर-किनवटमार्गे आदिलाबादकडे निघाले की गोंड, परधान, कोलाम, आंध यांचा मुलूख लागतो. गोंडांचा थोरला देव पेरसापेन. कुणी त्याला बडादेव म्हणते, कुणी फडापेन. बाहेरचा माणूस मात्र बिनदिक्कत सांगतो, ‘हा आपला महादेवच.’

गोंडांचे कथागीत ऐकले तर हे पटत नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते एका परधानाकडून उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ते छापले. त्यात गोंडांच्या अंगाच्या वासाला विटून महादेव त्यांना गुहेत कोंडतो, तोंडाशी शिळा लावतो. पार्वतीला आपल्या गोंडांवाचून करमत नाही. ती उपास करते, तप करते. मग लिंगो जन्मतो आणि बिंदो पक्ष्याबाबतची महादेवाची अवघड अट पुरी करून त्यांची सुटका करवतो. ज्याने कोंडले तोच गोंडांचा बडादेव कसा? शंभूला मनापासून भजणारे गोंड पुष्कळ आहेत, पण त्याने पेरसापेनाचे वेगळेपण पुसले जात नाही.

लिंगोने माणूस निर्माण केला, हाही गैरसमजच. लिंगो घडी बसवणारा आहे. चार, पाच, सहा, सात देवांचे सगे, म्हणजे कुळसमूह, आणि एका सग्यात लग्न न करण्याचा नियम ही त्याची देणगी मानतात.

‘ते झाडाला पुजतात’ हे तर अर्धवट निरीक्षण. साजाचे, म्हणजे ऐनाचे झाड हे देवाचे ठाणे. आदिलाबादच्या राजगोंडांत भाल्याचे लोखंडी टोक आणि चवरी ही पेरसापेनाची चिन्हे असतात.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो छापील पाठालाच एकमेव खरा मानण्याचा समज. एकाच लोकांच्या देवकथाही जागोजाग वेगळ्या असतात. युकातानच्या माया लोकांचा म्हातारा देव इत्झामना. ग्वातेमालातल्या किचे मायांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात मात्र थोरले जोडपे श्पियाकोक आणि श्मुकाने यांचे. दोन्ही मायाच. गोंडांकडेही परंपरा किंगरी वाजवत गाणाऱ्या परधानांच्या मुखी आहे. गोंदियातल्या सालेकसा तालुक्यात, माघ पौर्णिमेला जत्रा भरते त्या कचारगडच्या कथेत गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवायला लिंगोबरोबर जंगो रायताड ही देवीही आहे. हिस्लॉपनी लिहिले ते एका परधानाचे गाणे होते.