प्रवाळांच्या मुलखातील जमाखर्च

शिक्रापूरच्या शिवारातून वाहणारी वेळ नदी भीमेला मिळते, भीमा उजनीत विसावून पुढे कृष्णेला आणि कृष्णा पूर्वसमुद्राला. त्यामुळे येथील उसाच्या सऱ्यांतून पावसाबरोबर वाहून गेलेल्या युरियाचा जो अंश मार्गात कोठे अडत नाही, तो अखेर बंगालच्या उपसागरात जमा होतो. जमिनीत घातल्यावाचून जमिनीतून निघत नाही, या अनुभवावर ज्याची हयात गेली, त्या येथील शेतकऱ्याला कोणी सांगितले की, जिवांनी अत्यंत गजबजलेली एक वसाहत खताचा जवळजवळ लवलेशही नसलेल्या स्वच्छ पाण्यातच भरभराटीस येते, तर त्याला ते सहजी पटणार नाही. डार्विनने १८४२ साली प्रवाळभित्तींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांच्या घडणीची मीमांसा केली. त्यांच्या उदरनिर्वाहाचा पुरता हिशेब लागण्यास मात्र पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

हा संसार पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याच्या बांधकामास प्रारंभ केला, त्या सिंधुदुर्गाभोवतालच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत, आणि १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेल्या आणि कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणाऱ्या पठारावर याहून समृद्ध प्रवाळ आहेत.

एकेक प्रवाळजीव म्हणजे बहुधा काही मिलिमीटरची मऊ पिशवी, तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे. दिवसा तो बहुधा अंग आखडून असतो. रात्र पडली की स्पर्शक पसरतात, आणि तरंगत आलेला सूक्ष्म जीव त्यांना शिवताच दंशपेशींतून विषारी तंतू सुटून त्याला जागीच खिळवितात. परंतु ही शिकार म्हणजे वरकड उत्पन्न होय. खरी मदार आहे ती त्याच्या पेशींत मुक्कामास असलेल्या एकपेशीय शैवालांवर, ज्यांची संख्या एका चौरस सेंटिमीटरात दहा लाखांच्या घरात जाते. सूर्यप्रकाशात ती जी शर्करा तयार करतात तिचा मोठा हिस्सा यजमानाच्या पदरात पडतो, आणि स्वच्छ उथळ पाण्यात त्याची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज त्यातून भागू शकते; उलट यजमानाच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या शरीरातून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारे अमोनिया हेच शैवालांचे खत. शिकारीतून एकदा हाती आलेले नत्र आणि स्फुरद अशा रीतीने त्या दोघांतच पुनःपुन्हा फिरत राहते. पाणी गढूळ होऊन ऊन तळापर्यंत पोचेनासे झाले, की काही जाती शिकारीवर अधिक भिस्त ठेवतात.

तरीही गळती होतेच. प्रवाळ चिकट स्रावाच्या रूपाने आणि शैवाले पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांच्या रूपाने आपल्या कमाईचा बराच भाग बाहेर सोडतात, आणि विरघळलेले अन्न माशाला किंवा खेकड्याला तोंडात धरता येत नाही. ते वसूल करण्याचे काम स्पंज करतात, ज्यांच्याकडे पाहणाऱ्याचे सहसा लक्षही जात नाही. स्पंजाला तोंड नाही, जठर नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर असंख्य छिद्रे, आत कालवे, आणि कालव्यांच्या कोठड्यांत अखंड हलणाऱ्या चाबकासारख्या तंतूंच्या पेशी, ज्यांच्या बळावर तो दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी अंगातून फिरवितो आणि त्यातील बहुतेक जिवाणू टिपून घेतो. स्पंज हा प्राणीच आहे हे दाखवून देण्यात मुंबईचाही वाटा आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा. कंपनी सरकारच्या नोकरीतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरील तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे तपासले आणि १८४८ पासून त्यांवर निबंध लिहिले. अशा स्पंजांची नोंद पुण्याच्या परिसरातही झालेली आहे. उन्हाळ्यात पाणी आटले तरी त्यांच्या कठीण कवचाच्या बीजकलिका तग धरून पुन्हा पाणी येण्याची वाट पाहतात.

विरघळलेल्या अन्नाचे काय होते, हे २०१३ साली डच संशोधकांच्या एका तुकडीने कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ बेटाच्या परिसरात उलगडून दाखविले. ओळखता येईल अशा खुणेचा कार्बन आणि नत्र त्यांनी कपारींतील पातळ पापुद्र्यासारख्या स्पंजांना विरघळलेल्या रूपात दिला. स्पंजांनी तो शोषला. पण त्या मानाने त्यांचे शरीर वाढले नाही, कारण त्यांच्या गाळणपेशी काही तासांतच दुभंगून नव्या होतात आणि जुन्या झडून जातात. झडलेल्या पेशींचा तो बारीक चुरा गोगलगायी, कृमी आणि इतर तळचर खातात, आणि खुणेचा कार्बन त्यांच्या शरीरांतही सापडला. जे अन्न खुल्या समुद्राच्या पाण्यात हरवले असते, ते कपारींतल्या या कारखान्यातून घन होऊन मुलखातच राहते.

एवढ्या काटकसरीच्या व्यवस्थेत बाहेरून नत्र-स्फुरदाची भरती झाली, तर ती वाढत नाही, उलट कोलमडते: मोठी शेवाळे फोफावून प्रवाळांचा प्रकाश अडवितात आणि नव्या अर्भकांना खडकावर जागा उरू देत नाहीत. मैलापाण्याचे आणि गाळाचे प्रत्येक वहन म्हणूनच मालवणच्या किनाऱ्यावर रोखले पाहिजे, आणि हौशी पाहुण्यांच्या होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकू नयेत म्हणून कायमचे बोये बसवून होड्या त्यांनाच बांधावयास लावल्या पाहिजेत. अशी तजवीज अनेक देशांत झालेली आहे, आणि तिला खर्चही फार येत नाही.