जुना ‘छोटा हत्ती’ घेताय? रंगावर जाऊ नका

घरची लोणची-पापड दुकानदारांना पसंत पडू लागतात, डब्यांची मागणी वाढते आणि रोजचा भाड्याचा टेम्पो नफ्याचा मोठा वाटा गिळू लागतो. मग पतिपत्नीच्या मनात एकच विचार येतो, आता स्वतःची गाडी हवी. नवी परवडत नाही. मुदत ठेव मोडून, पतसंस्थेचे कर्ज काढून जुनी गाडी दारात येते. ती धड निघाली तर धंदा मार्गी लागतो. नाही निघाली तर कर्जाचा हप्ता आणि गॅरेजचे बिल दोन्ही भरता भरता नाकी नऊ येतात.

कोणती गाडी?

१९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनचे, म्हणजेच पुढच्या ओम्नीचे, उत्पादन २०१९ मध्ये थांबले. २०१० साली आलेली इको आणि २००५ साली आलेली टाटा एस जुन्या बाजारात भरपूर दिसतात. टाटा एसला तर लोकांनीच ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. बेकरीचा माल, कपडे, औषधे न्यायची असतील तर बंद व्हॅन सोयीची. भाजी, फर्निचर, बांधकामाचे सामान असेल तर उघडा हौदा बरा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मागच्या सीटा काढल्या म्हणून प्रवासी व्हॅन मालवाहू होत नाही. नोंदणी पुस्तकात ‘मालवाहू’ अशी नोंद आणि पिवळ्या पाटीवर काळा क्रमांक हवा. नाहीतर अपघातानंतर विम्याची भरपाई अडकू शकते.

कागद आधी

चासी आणि इंजिनाचे क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्या. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर फिटनेस, कर, विमा आणि थकलेला दंड घरबसल्या कळतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. सीएनजी गाडी असेल तर टाकीच्या चाचणीची तारीख पाहा. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तो बदलला नाही तर आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.

गाडी बोलते, ऐका

गाडी सकाळी, उजेडात आणि ओळखीच्या मेकॅनिकला सोबत घेऊन पाहा. चालू करण्यापूर्वी बॉनेटला किंवा सीटखालच्या इंजिनाला हात लावा. ते आधीच गरम असेल तर सकाळी चालू व्हायला त्रास देणारी गाडी तुमच्यापासून लपवली जात असावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट लगदा दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरले असण्याची शक्यता असते. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण झिजलेले पेडलचे रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाही.

आधीचा मालक काय वाहत होता, हेही विचारा. मासळी आणि बर्फ वाहिलेल्या गाडीचा तळाचा पत्रा खाऱ्या पाण्याने सडलेला असतो. तो वरच्या नव्या रंगाखाली दिसत नाही. म्हणून रबरी चटई उचला, गाडीखाली वाका. पाट्यांजवळ चासीला वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर गाडीने झेपेल त्याहून जास्त ओझे वाहिले आहे, असे समजा.

हत्ती पोसायचा तर

हातातली सगळी रक्कम किमतीतच घालू नका. पहिल्याच महिन्यात ऑइल, फिल्टर, पट्टे, ब्रेक आणि बहुधा बॅटरी किंवा टायर यांवर खर्च होतो. तो आधीच बाजूला काढा. नंतर ऑइल वेळेवर बदला, ग्रीसिंग चुकवू नका, टायरची हवा दर आठवड्याला तपासा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल भरू नका. वाचलेल्या डिझेलपेक्षा पाटे, क्लच आणि ब्रेक महाग पडतात. उतारावर ब्रेक लागला नाही तर किंमत पैशांत मोजता येत नाही.

गाडीत एक वही ठेवा. डिझेल, किलोमीटर, दुरुस्ती सारे त्यात लिहा. सहा महिन्यांनी ती वही आणि पूर्वीच्या भाड्याचा हिशेब शेजारी शेजारी ठेवला की गाडी घर चालवते आहे की घर गाडी चालवते आहे, हे आपोआप कळेल.