आखलेल्या वाटेपलीकडचा बर्फ : आल्प्समधील पाच अवघड उतार

स्वित्झर्लंडच्या सहलीहून परतलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांच्या छायाचित्रसंग्रहात टिटलिस शिखरावरचे एखादे छायाचित्र हमखास आढळते. फिरत्या केबल कारमधून सुमारे 3,000 मीटर उंचीवर पोहोचायचे, भर उन्हाळ्यात बर्फ हातात घ्यायचा आणि संध्याकाळी खाली उतरायचे, असा हा आनंद. हिवाळ्यात मात्र त्याच स्थानकातून काही जण पायांना स्की बांधून उलट्या दिशेने निघतात. ‘स्टाइनबर्ग’च्या हिमनदीवरून ते थेट एंगेलबर्ग गावाकडे येतात, उंचीतील फरक जवळपास 2,000 मीटरचा. शेजारचा ‘लाउब’ हा सलग, मोकळा आणि तीव्र उतारही स्कीपटूंमध्ये प्रसिद्ध आहे.

या प्रकाराला ‘ऑफ-पिस्ट’ स्कीइंग म्हणतात. ‘पिस्ट’ म्हणजे यंत्राने बर्फ दाबून तयार केलेली, खांबांनी आखलेली वाट. सोपी वाट निळ्या खुणेची, मध्यम लाल, कठीण काळी. तिची देखरेख पथक करते आणि धोका दिसताच ती बंद करते. खांबांची ती रेषा ओलांडली की देखरेख संपते आणि निर्णयाची सारी जबाबदारी स्वतःवर येते. शिक्षण वा व्यवसायानिमित्त युरोपात राहणाऱ्या तरुणांना या रेषेपलीकडच्या अस्पर्श बर्फाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कोणत्या ठिकाणचा धोका कोणत्या जातीचा, हे त्यांच्या घरच्यांनीही जाणून घ्यावे.

प्रत्येक डोंगराची परीक्षा वेगळी

फ्रान्समधील शामोनी येथे 1924 साली पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. तेथील केबल कार 3,842 मीटर उंच ‘एग्वी द्यू मिदी’ शिखरापर्यंत नेते. तेथून सुरू होणारी ‘व्हॅली ब्लांश’ ही वाट सुमारे 20 किलोमीटर लांबीची आहे. तिचा उतार फारसा तीव्र नाही. मध्यम कौशल्याच्या माणसालाही तो झेपतो. धोका आहे तो बर्फाखाली. ही वाट हिमनदीवरून जाते आणि हिमनदीतील खोल भेगांवर ताज्या बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. सोपी दिसणारी ही वाट त्यामुळेच फसवी ठरते.

ला ग्राव्ह हे फ्रान्समधीलच लहानसे गाव, 3,983 मीटर उंच ‘ला मेज’ शिखराच्या पायथ्याशी वसलेले. येथील केबल कार 3,200 मीटरपर्यंत जाते. पण माथ्यावरील हिमनदीचा थोडा भाग वगळता आखलेली वाट जवळजवळ नाहीच. चिंचोळ्या घळी आणि अचानक समोर येणारे कडे यांतून मार्ग शोधावा लागतो. एक घळ चुकली तर पुढे कडा असू शकतो. येथे परीक्षा आहे ती वाट ओळखण्याची.

ऑस्ट्रियातील सांक्ट अँटोन भरपूर हिमवृष्टीसाठी ओळखले जाते. तेथील 2,811 मीटर उंच ‘वाल्लुगा’ शिखराचा नियम बोलका आहे : शेवटच्या केबल कारमध्ये स्की सोबत न्यायचे असतील, तर मार्गदर्शक बरोबर असावाच लागतो. त्या माथ्यावरून उतरणारी उत्तरेकडील वाट सुरुवातीलाच कड्यांच्या वर असल्याने तेथे पाय घसरणे परवडत नाही.

स्वित्झर्लंडच्या व्हेर्बिए गावाजवळील ‘बेक दे रोस’ या खडकाळ पर्वतमुखावर 1996 पासून निवडक स्कीपटूंची स्पर्धा होते. काही ठिकाणी हा उतार 50 अंशांहून तीव्र आहे. स्पर्धकांना आधी सराव करता येत नाही. समोरच्या बाजूने दुर्बिणीतून पाहून प्रत्येक वळण मनाशी ठरवावे लागते. जगातील कसलेले स्कीपटूही उतरण्याआधी दीर्घकाळ नुसते पाहत राहतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

धोक्याचा हिशेब

हिमभेगा व कडे स्थानपरत्वे बदलतात. हिमस्खलनाचे भय सर्वत्र सारखेच. युरोपात 1993 पासून त्यासाठी पाच पायऱ्यांचे मोजमाप वापरले जाते. स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथील संशोधन संस्था हिवाळ्यात रोज अंदाज प्रसिद्ध करते. तेथील जीवघेण्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा चौथ्या वा पाचव्या पायरीच्या दिवसांचा नसून तिसरीच्या दिवसांचा असतो. भय उघड दिसते तेव्हा माणूस घरी थांबतो; मधल्या पायरीवर तो स्वतःची समजूत घालतो. बाजारातील अनुभवी व्यापाऱ्याला हा स्वभाव अपरिचित नाही. शिवाय बहुतेक वेळा स्खलन सुरू होते ते त्यात सापडलेल्याच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या भाराने.

गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात. बचावपथक तेवढ्यात क्वचितच पोहोचते. वाचवू शकतात ते सोबती. म्हणून प्रत्येकाजवळ संकेत देणारा व पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसण्याची लांब शोधकाठी आणि फावडे असावे, आणि ते वापरण्याचा सराव आधीच झालेला असावा. हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेचा खर्च मोठा असू शकतो. अनेक प्रवास विमा पॉलिसींत आखलेल्या वाटेबाहेरचे, विशेषतः मार्गदर्शकाविना केलेले स्कीइंग वगळलेले असते. ते कलम निघण्यापूर्वी वाचावे.

मूक जिवांचा विचार

या उतारांवर आणखीही कोणी राहते. तित्तिराच्या कुळातील ब्लॅक ग्राउज हा पक्षी थंडीत बर्फात बीळ करून निश्चल बसतो. अन्न दुर्मिळ असल्याने साठवलेली शक्ती जपणे हाच त्याचा जगण्याचा उपाय. माणसाच्या चाहुलीने त्याला वारंवार उडावे लागले, तर ती शक्ती खर्ची पडते आणि प्राणावर बेतू शकते. शॅमॉय या शेळीवर्गीय प्राण्याचेही तसेच. यासाठी स्वित्झर्लंडने ‘वन्यजीव शांतता क्षेत्रे’ आखली आहेत. त्यांपैकी अनेकांत हिवाळ्यात प्रवेशास बंदी आहे. ईर्यासमितीत भूमी निरखून, जिवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकण्याची शिकवण आहे. त्या संस्कारात वाढलेल्या तरुणाला नकाशावरील ही क्षेत्रे टाळणे जड जाऊ नये.

पाचही ठिकाणांची तुलना केली तर सर्वांत तीव्र उतार व्हेर्बिएला, सर्वांत फसवी वाट शामोनीला आणि सर्वांत एकाकी जबाबदारी ला ग्राव्हला आहे. तरीही अनुभवी मार्गदर्शक सकाळी सर्वप्रथम ठरवतो ते परत फिरण्याचे निकष : वारा किती वाढला, ऊन किती चढले, नवा बर्फ किती साचला, म्हणजे माघार घ्यायची. घरातील मुलाने वा मुलीने अशा सहलीची परवानगी मागितली, तर उतार किती अंशांचा, हे विचारण्याआधी एवढेच विचारावे : कोणत्या कारणाने परत फिराल? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याची तयारी झाली आहे असे समजावे. ज्याच्याजवळ नाही, त्याने तो हिवाळा आखलेल्या वाटेवरच घालवावा.