पाऱ्याचा तांबडा स्फटिक

मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले की साका तयार होतो. क्षणभर पिवळा दिसून तो शेंदरी होतो. थेंब टाकत राहिले, तर साका विरघळून द्रावण पुन्हा नितळ होते. हा साका म्हणजे मर्क्युरिक आयोडाइड. त्याचा नीट वाढवलेला स्फटिक अर्धवाहक असून क्ष-किरण आणि गॅमा किरण टिपण्यात फार तरबेज आहे.

गॅमा किरण अडवायला जड अणू लागतात. पाऱ्याचा अणुक्रमांक 80, आयोडीनचा 53. किरण शोषला गेला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या जागी होल उरतात. सीझियम-137 च्या 662 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या एका फोटॉनमधून अशा सुमारे दीड लाख जोड्या निघतात. त्यांचा विद्युतभार मोजला की किरणोत्सारी द्रव्य ओळखता येते. जर्मेनियम हे काम अधिक अचूक करते. पण त्यात इलेक्ट्रॉन सुटायला ओलांडावे लागणारे ऊर्जा-अंतर जेमतेम 0.67 इलेक्ट्रॉन व्होल्ट. खोलीतल्या उष्णतेनेही त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून द्रवरूप नायट्रोजनने ते गारठवून ठेवावे लागते. मर्क्युरिक आयोडाइडचे अंतर 2.1 असल्याने त्याला हा लवाजमा लागत नाही.

स्फटिक घडवणे मात्र जिकिरीचे. 127 अंश सेल्सिअसला तांबडी रचना मोडून पिवळी होते आणि वितळणबिंदू आहे 259 अंश. वितळवून गोठवलेला स्फटिक निवताना 127 अंशांच्या टप्प्यावर बिघडतो. म्हणून बंद नळीत, त्या तापमानाच्या खाली, बाष्पापासून तो हळूहळू वाढवतात. थरांची घडण इतकी मऊ, की वाढताना स्वतःच्या वजनानेही त्यात दोष येतात. 1985 मध्ये चॅलेंजर यानातल्या स्पेसलॅब-3 मोहिमेत लोडेवाइक व्हॅन डेन बर्ग यांनी हाच स्फटिक भारहीन अवस्थेत वाढवला.

कापताना पात्याचा दाब त्याला सोसत नाही. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात भिजवलेला दोरा फिरवून तो विरघळवत कापतात. बहुतेक धातूंशी त्याची अभिक्रिया होते, म्हणून विद्युतजोडणीला पॅलेडियम किंवा कार्बन वापरतात.

त्याचे होल इलेक्ट्रॉनपेक्षा फार संथ असल्याने जाड स्फटिकात काही भार वाटेतच अडकतो आणि मोजमाप धूसर होते. कॅडमियम झिंक टेलुराइड हा प्रतिस्पर्धी अर्धवाहक पुढे गेला, त्यात या उणिवेचा मोठा वाटा आहे. तरीही मातीतले शिसे जागेवर तपासणारी क्ष-किरण उपकरणे या स्फटिकावर चालली आहेत. काचेवर त्याचा पातळ थर चढवून वैद्यकीय क्ष-किरण प्रतिमांसाठी रुंद पटल करण्याचे प्रयोगही झाले. संयुग विषारी असल्याने उपकरणात ते पूर्ण बंदिस्त ठेवावे लागते.